नासुप्र म्हणे बिनराजकारणी! मग विश्वस्त नेमतं कोण अन् काढतं कोण?

वऱ्हाडी_ठेचा

परवा इथं एका काकांची पोस्ट फिरत होती. "नागपूर सुधार प्रन्यास हे जाणत्या लोकांचं बिनराजकारणी मंडळ, शहर नगरसेवकांच्या हाती सोडलं असतं तर वाटोळं झालं असतं, बरखास्ती मागणाऱ्यांनी आधी धरमपेठेचे रस्ते बघावेत", असा एकूण सूर. नासुप्र म्हणजे हाच प्रन्यास, शहरात रस्ते नि लेआउट आखणारा ट्रस्ट. खाली वाहवा करणारे रांगेनं उभे. दोन ओळी खरडून सोडून देणार होतो पण डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

बिनराजकारणी म्हणजे काय हो काका? नासुप्रचा सभापती राज्य सरकार पाठवतं, आयएएस माणूस, कुठून तरी बदलून येतो आणि शहराशी ओळख होईस्तोवर बदलून जातो. तोच एनएमआरडीएचा, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा आयुक्तही, म्हणजे शहराबाहेरच्या ७१९ गावांचा कारभारही त्याच्याच टेबलावर. विश्वस्तांत सरकारी अधिकारी, सरकारनं घेतलेला एखादा आमदार, आणि महापालिकेकडून स्थायी समितीचा सभापती नि एखादा नगरसेवक. यात माझ्या वॉर्डात मत मागायला येणारे अन् पुढच्या वेळी मला पाडता येणारे किती? २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली अन् प्रशासक बसला, सभागृहच नाही तर स्थायी समिती कुठून येणार, म्हणजे तेवढी माणसंही गेली. तेव्हा उरले कोण, तर साहेब, साहेब आणि साहेब.

आता काढण्याचं. कायदा १९३६ चा, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळातला. त्यात विसर्जनाची तरतूद आहेच, योजना उरकल्या की ट्रस्ट मोडायचा, मालमत्ता नि देणी महापालिकेकडे द्यायची. म्हणजे करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की हे कायमचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मंत्रिमंडळानं बरखास्त करायचं ठरवलं. सरकार बदललं, आघाडीनं तो निर्णय फिरवला. मारलं मुंबईनं, जिवंत केलं मुंबईनं, आम्ही मधल्या मधे नासुप्रची डिमांड, म्हणजे विकास शुल्काची मागणी भरत बसलो. काका, याला बिनराजकारणी म्हणत असाल तर राजकारण कशाला म्हणता ते एकदा सांगा.

सदरचे_काका

मूळ पोस्ट माझीच आहे, नाव घ्यायला हरकत नव्हती. मी तुमच्या वयाचा असताना मीही असंच बोलायचो, असो.

विश्वस्त निवडून येत नाहीत हाच तर गुण आहे! नगरसेवकाला पाच वर्षांत गल्लीत गट्टू बसवून दाखवायचे असतात. त्याला वीस वर्षांनी लागणाऱ्या रस्त्याची रुंदी राखून काय मिळणार? मुंबईत हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स कोणी आखलं? इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं, निवडून आलेल्यांनी नव्हे. दिल्लीचा ट्रस्ट १९३७ चा, १९५७ ला त्याचं डीडीए, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरण झालं. बंगळुरूचं ट्रस्ट बोर्ड १९४५ चं, १९७६ ला बीडीए, म्हणजे बंगळुरू विकास प्राधिकरण झालं. शहाण्या माणसांनी हे काम कुठंच नगरसेवकांच्या गळ्यात टाकलेलं नाही. तुम्हालाच फार कळतं काय?

वऱ्हाडी_ठेचा

थँक्यू काका, माझंच काम केलंत. दिल्लीत मोडला, बंगळुरूत मोडला म्हणतात, प्रत्यक्षात पाटी बदलली. नेमणारे तेच, काढणारे तेच. आणि बिनराजकारणी मंडळाच्या भूखंडांवरून २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात सभागृह डोक्यावर घेतलं गेलं होतं, प्रकरण हायकोर्टात होतं, ते पेपरात वाचलं नाही का तुम्ही? तो पेपर रद्दीत गेला असेल.

बीआयटीचा_नातू

मुंबईचा विषय काढलाच आहे म्हणून. हिंदू कॉलनी सगळ्यांना आठवते, चाळी कोणाला आठवत नाहीत. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला कायदा झाला, ट्रस्ट बसला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढायला घरं पाडत सुटले. पाडायचा वेग आणि बांधायचा वेग यांचा मेळ नव्हता, ही ओरड तेव्हाचीच आहे. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीनं कोंबली गेली, म्हणजे प्लेगवर औषध म्हणून प्लेगचीच सोय. मग बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी आल्या. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब राहिले, माझे आजोबा त्याच आवारात वाढले, एका खोलीत किती माणसं झोपायची ते विचारू नका.

मंडळात भाडेकरूंचा एक माणूस असता तर आधी घर मग रस्ता असा क्रम लागला असता की नाही? पण ट्रस्टी कोण, तर सरकारी अधिकारी, चेंबर ऑफ कॉमर्सवाले, पालिकेतले वजनदार. आणि ठेचाभाऊंचा मुद्दा पुढे नेतो, तो ट्रस्ट १९३३ ला महापालिकेत विलीन झालाच. मुंबई बुडाली नाही त्यानं.

सदरचे_काका

मुंबई बुडाली नाही? २६ जुलैला कुठं होतात?

बीआयटीचा_नातू

काका तो पाऊस होता 🙏

मंजुषा_मानेवाडा

सगळे पुरुष लोक कायदे सांगून राहिले, मी प्लॉटचं सांगते. पप्पांनी ८६ साली एका गृहनिर्माण संस्थेकडून प्लॉट घेतला, शेतजमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या बस, तेवढाच लेआउट. संस्थेच्या सेक्रेटरीनं तोच प्लॉट आणखी एकाला विकला होता. आता ही संस्था तं पूर्ण लोकशाहीवाली होती बरं का, सभासद होते, निवडणूक होती, सगळं रजिस्टर होतं. सेक्रेटरी दरवेळी बिनविरोध, कारण सभेची नोटीसच कोणाला मिळायची नाही. पप्पा त्याच्या दारात जाऊन जाऊन थकले. रस्ता नाही, नाली नाही, पावसाळ्यात आम्ही चपला हातात घेऊन शाळेत जायचो.

२००१ चा गुंठेवारीचा, म्हणजे असे अनधिकृत प्लॉट नियमित करायचा कायदा आला, ५७२ अन् १९०० अशा अनधिकृत लेआउटच्या याद्या निघाल्या, तेव्हा कुठं नासुप्रकडे अर्ज करता आला. पैसे भरले, कागद तपासले, दुसऱ्याचा दावा खोटा निघाला अन् आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, पप्पांच्या हातात आलं. पप्पांनी ते लॅमिनेट करून देवघरात ठेवलं, आजही तिथंच आहे. तर निवडून आलेल्यानं फसवलं अन् नेमलेल्यानं कागद दिला, आमच्या घरापुरतं तरी हे असंच आहे. ठेचाभाऊ, तुमचं सगळं बरोबर असन, पण बरखास्त झाल्यावर आरएलची फाईल कोणत्या टेबलावर जाईन ते आधी सांगा. २०१९ ला ते कोणीच सांगत नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, पप्पांना नमस्कार सांगा. पण तुमच्या लेआउटला इतकी वर्षं रस्ता-नाली का नव्हती? महापालिका म्हणणार हा नासुप्रचा भाग, नासुप्र म्हणणार लेआउट अनधिकृत. एका शहराला दोन मालक ठेवले की असंच होणार. आरएल मिळालं याचं कौतुक करताय, आरएल मागायची पाळी कोणी आणली ते पण बघा ना.

मंजुषा_मानेवाडा

सेक्रेटरीनं आणली. सांगितलं ना वर. वाचत जा.

कोथरूडकर_००७

मंजुषाताईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं!! नासुप्र वगैरे आम्हा पुणेकरांना काही घेणं नाही, पण सोसायटीची कमिटी काढायची कशी हे मला कोणी सांगेल का? आमचे चेअरमन लिफ्टच्या मेंटेनन्सचं कंत्राट साडूला देऊन बसलेत, जमाखर्च मागितला की "एजीएममध्ये बघू", एजीएममध्ये समोसे वाटतात आणि राष्ट्रगीत लावतात, संपली सभा. ऐंशी टक्के सभासद विरोधात आहेत तरी माणूस हलत नाही. विश्वस्त मंडळ, विश्वस्त मंडळ काय करताय, आधी आपल्या जिन्यातलं मंडळ काढून दाखवा.

कलम_कसाई

ऐंशी काय, शंभर टक्के सभासद विरोधात असले तरी सरळ हात वर करून काढता येत नाही. पदाधिकाऱ्यावर अविश्वास कमिटी सदस्यांनीच आणायचा, एक तृतीयांश सह्या, दोन तृतीयांश मतं, आणि पद घेतल्यावर सुरुवातीचा काही काळ आणता येत नाही. सभासदांनी फार तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे जायचं, तो सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७८अ खाली चौकशी करून कमिटी बरखास्त करू शकतो, मग प्रशासक. म्हणजे कोथरूड असो की नागपूर, निवडायचे तुम्ही आणि काढणार सरकारी माणूस. ठेचासाहेबांचं सगळं भाषण त्यांच्या स्वतःच्या सोसायटीलाही लागू आहे, कमिटीवर आहात का हो?

कोथरूडकर_००७

कमिटीत सात जण, त्यात एक साडू आणि एक मेहुणा. दोन तृतीयांश कुठून आणू?

गावचा_गडी

सोसायटीचं काय घेऊन बसलात, गावात या. २०१७ ला थेट सरपंच, म्हणजे सदस्यांऐवजी गावानं मत देऊन निवडायचा सरपंच आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला. सरकार बदललं की सरपंच निवडायची रीत बदलती. आणि थेट सरपंचाला काढायचं तर आधी सदस्यांत तीन चतुर्थांश, ते जमलं तर ग्रामसभा भरवून गुप्त मतदान. आमच्या शेजारच्या गावात सदस्यांनी ठराव केला, ग्रामसभेत सरपंचानं जेवणावळ घातली, ठराव पडला अन् वर सदस्यांनाच लोकांनी शिव्या घातल्या. पण मी म्हणतो तेच बरोबर, ज्यानं निवडला त्यानंच काढावा. मटण खाऊन ठेवला तरी गावानंच ठेवला ना.

एडिसनकर

इथं न्यूयॉर्कमध्ये बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट असतात, बाजारपेठेतले मालक जादा कर भरतात आणि त्यांचंच बोर्ड साफसफाई, दिवे, सुरक्षारक्षक बघतं. बोर्डात बहुमत मालकांचं, सोबत मेयर, कंप्ट्रोलर, बरो प्रेसिडेंट आणि स्थानिक कौन्सिल मेंबर यांचा एकेक माणूस. जो पैसे भरतो त्याचा बोर्डावर हक्क, सोपा हिशेब. आपल्याकडे का होत नाही कळत नाही.

बीआयटीचा_नातू

दुकानाचा भाडेकरू, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, कोपऱ्यावरचा वडापाववाला यांचं बहुमत कुठाय त्यात? मालकांचं राज्य आम्ही १८९८ लाच बघितलं आहे साहेब. तुमच्याकडे आता पोचलं का?

एडिसनकर

भाडेकरूंनाही बोर्डात जागा असते. चांगलं काही सांगायला गेलं की लोक अंगावर येतात, म्हणून मी इथं लिहीत नाही.

कोथरूडकर_००७

एडिसनला सोसायटीत साडू चालतो का, तेवढं सांगा आणि मग रागवा.

सदरचे_काका

विषय कुठून कुठं नेला. मी शेवटचं लिहितो. ठेचा यांचा एकच मुद्दा मला थोडासा पटला, तोही नाइलाजानं. महापालिकेची मुदत संपली की विश्वस्त मंडळातल्या त्या जागा रिकाम्या राहणं बरं नाही. सभागृह नसेल तर तेवढ्या काळापुरती शहरातली वास्तुविशारद, वकील मंडळी घ्यावीत. पण बरखास्ती? माझ्या डोळ्यांदेखत तरी नको.

वऱ्हाडी_ठेचा

वा, म्हणजे निवडून आलेले गेले की त्यांच्या जागी पुन्हा नेमलेलेच! काका, तुमच्या "थोडंसं पटलं"ला माझा साष्टांग दंडवत. माझं मागणं साधं आहे, अर्धे विश्वस्त महापालिकेच्या सभागृहानं निवडलेले हवेत, आणि सभापतीवर अविश्वास आणायचा अधिकार त्यांना हवा. ट्रस्ट मोडायचा की ठेवायचा हा ठरावही आधी इथल्या सभागृहात व्हावा, मग मुंबईला जावा. आणि मंजुषाताईंची फाईलवाली अट त्या ठरावात घालायला माझी ना नाही, ती रास्त आहे.

मंजुषा_मानेवाडा

रास्त म्हणता अन् उत्तर देत नाही. कोणतं टेबल?

वऱ्हाडी_ठेचा

महापालिकेचा नगररचना विभाग. कर्मचारी, नकाशे, फायली सगळं तिकडं वर्ग करायचं, आणि ते झाल्याशिवाय विसर्जनाची तारीख धरायची नाही.

मंजुषा_मानेवाडा

त्या विभागात आधीच किती फायली पडल्या असतील ते माहिती काढून सांगा. तोवर पप्पांचं लॅमिनेशन मी काढत नाही.

कोथरूडकर_००७

कलमभाऊ, ७८अ चा अर्ज साध्या कागदावर चालतो की त्याचा नमुना असतो? मेहुणा परवापासून माझ्याशी बोलायला लागलाय, दोन तृतीयांशचं जमेल असं वाटतंय.