उत्तर: नायट्रिक ऑक्साइड बंद केलं की संधिवात बरा?
इथे एका दादांनी लिहिलंय की नायट्रिक ऑक्साइड (आपल्या शरीरातच बनणारा एक गॅस) अडवला की संधिवाताचे सांधे बरे, पण एवढं सोपं नाही हो. मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा गॅस बनवतात, १९९३ साली उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या पेशीभित्तिकेचे (बाहेरच्या आवरणाचे) तुकडे टोचून सांधे सुजवले आणि गॅस बनवणारं एन्झाइम अडवलं तर सूज कमी झाली, इथपर्यंत दादांचं बरोबर, पण २००१ मध्ये तशाच उंदरांत या एन्झाइमचा फक्त सूज आल्यावर तयार होणारा प्रकार नेमका अडवला तर हाडांची झीज उलट वाढली की! कारण हाच गॅस टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्याच दुसऱ्या पेशींना, आवरतो पण. आमच्या खानापुरात पावसात आईची बोटं सकाळी एवढी आखडतात की भाकरी थापता येत नाही, तिला उंदरांचं काय सांगू? रूमॅटॉलॉजिस्टला बेळगावला जाऊन दाखवलं, गोळ्या चालू आहेत.