पुराआधी दुकान आणि घर कसं आवरायचं? शाहूपुरीतल्या जुन्या लोकांनी सांगा

मूळची_सोलापूरची:
नमस्कार. जानेवारीत आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत जयंती नाल्याच्या जवळच झेरॉक्स आणि शालेय साहित्याचं दुकान भाड्यानं घेतलंय, वरच्याच मजल्यावर राहतो, मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, गुडघ्यांमुळं जिना उतरायलाच दहा मिनिटं लागतात. जागा बघताना मालक म्हणाले होते इथं पाणी येत नाही, आणि परवा रंग द्यायला भिंत खरवडली तर माझ्या डोक्याच्या वर गाळाची रेघ निघाली. शेजारच्या काकांनी सांगितलं ती 2021 ची. तेव्हापासून झोप लागेना झालीय. जूनसाठी वह्या-पुस्तकांचा माल भरावाच लागणार, सगळा कागद, एकदा भिजला की संपलं. पूर येणार हे किती आधी कळतं? माल कधी हलवायचा? आणि आपण वर राहतो म्हणजे घरातच थांबलं तर चालतं का?

शाहूपुरी_जुना_दुकानदार:
ताई, घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. 2019 ला पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्याला (तिथंच पातळी मोजतात) 55 फुटांच्या वर गेली, 2021 ला 56 च्या वर, आणि दोन्ही वेळा मी दुकानात होतो. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे दोन आकडे तुम्हाला पावसाळ्यात रोज कानावर पडतील. पण तुम्हाला खरा लागणारा आकडा तिसराच, बंधाऱ्याला किती फूट असताना तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं तो. माझा सांगून उपयोग नाही, चार दुकानं पुढं गेलं की तो बदलतो. तुमच्या त्या काकांना विचारा, समोरच्या पानपट्टीवाल्याला विचारा, 2019 ला कितीला आलं, 2021 ला कितीला, 2024 च्या जुलैत 47 च्या वर गेली होती तेव्हा कुठवर होतं. मिळालेला आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि त्याच्या चार-पाच फूट आधीच माल हलवायला सुरुवात करा.

आणखी एक, आपल्याकडं पाणी नदीकडनं धावत येत नाही, नाल्यातनं फुगून येतं, आधी गटारीतनं आणि संडासाच्या भांड्यातनं वर येतं. 2019 ला मी दारात वाळूची पोती लावून बसलो आणि पाणी मागच्या मोरीतनं आत आलं. तेव्हा भांड्यावर आणि मोरीच्या तोंडावर पोती आधी, दारात नंतर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत ते बघत जा, एका दरवाज्यातनं 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं. पण नुसतं राधानगरी बघून भागत नाही, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या नद्या वरनं येऊन मिळतात, गगनबावड्याकडं पाऊस थांबत नसेल तर इथं ऊन पडलेलं असलं तरी पाणी वाढत राहतं. गेल्या दोन्ही वेळेला लोक तिथंच फसले. आमच्या इथले कुंभार बांधव गणपतीच्या मूर्ती आधीच उंचावर नेतात, त्यांची हालचाल दिसली की तुम्हीही उठा.

चिखलीकर_म्हैसवाला:
आमी नदीकाठच्या प्रयाग चिखली गावचे. वर थांबलं तर चालतं का याचं उत्तर, नाही चालत. 2019 ला आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं, म्हशी स्लॅबवर चढवल्या आणि बसले, मग लाईट नाही, प्यायला पाणी नाही, वैरण नाही, शेवटी बोटीतनं माणसं काढली, जनावरांचे लई हाल झाले. आता गावात इशारा पातळी आली की आधी जनावरं उंचावरल्या सोनतळीला, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. तुमच्या सासूबाईंना जिना उतरायला दहा मिनिटं लागत्यात ना, मग रातच्याला बोटीत कसं बसवणार त्यांना? पाणी दारात यायची वाट बघू नका, लवकर न्या, उंचावरल्या पाहुण्यांकडं. गाव सोडताना वाईट वाटतं खरं, पण पाय कोरडे असताना निघालेलं बरं.

विमा_बघणारा:
माल आणि विम्याबद्दल. बँकेचं कर्ज असेल तर मालाचा विमा बहुतेक बँकेनंच उतरवलेला असतो, लोक पॉलिसी उघडूनही बघत नाहीत आणि क्लेमच्या वेळी कळतं की पत्ता जुन्या दुकानाचा आहे किंवा रक्कम निम्मीच आहे. उद्याच बघा: पत्ता, रक्कम, आणि पुराचं कव्हर आहे का. लहान धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे, 2021 पासून, त्यात पूर येतो. पण पाणी चढायला लागल्यावर विमा काढायला पळू नका, ते आत्ताच करायचं काम. मे महिन्यात दुकानाचा कपाट-न्-कपाट व्हिडिओ करा, बिलं फोनवरून नवऱ्याला आणि आणखी एकाला पाठवून ठेवा. पूर ओसरल्यावर लगेच विमा कंपनीला कळवा, भिजलेला माल सर्व्हेअर येईपर्यंत टाकू नका. वासामुळं टाकावाच लागला तर आधी भरपूर फोटो, आणि तलाठ्याकडून पंचनामा. आणि पाण्यात बुडालेलं झेरॉक्स मशीन किंवा गाडी चालू होते का म्हणून बटण दाबून बघू नका, थोडक्यात वाचलेलं तिथंच जातं.

मूळची_सोलापूरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना विचारलं, त्यांनी दोन्ही वर्षांचे आकडे दिले, भिंतीवर लिहिलेत. पॉलिसीत पत्ता खरंच बँकेच्या जुन्या कागदावरचा निघाला, सोमवारी जाणार. सासूबाईंना जुलै-ऑगस्ट कळंब्याला नणंदेकडं ठेवायचं ठरलंय, आधी रुसल्या, पण चिखलीकर दादांचं लिहिलेलं वाचून दाखवलं मग तयार झाल्या. औषधं किती दिवसांची ठेवू?

शाहूपुरी_जुना_दुकानदार:
इन्सुलिन, गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या, आणि त्यांच्याबरोबरच द्या, इथं लाईट गेली की फ्रिज बंद. पिण्याचं पाणी भरून ठेवा, 2019 ला पाणीउपसा केंद्रंच बुडाली आणि शहराला टँकरवर दिवस काढावे लागले. शिरोलीजवळ हायवे बंद झाला की पेट्रोल, गॅस, भाजी सगळंच अडतं, गाडीची टाकी जुलैभर भरलेली असू द्या. जिल्ह्याच्या आपत्ती कंट्रोल रूमचा नंबर 1077, मुलांच्या वहीत पण लिहा. आणि माल हलवायला माणसं लागली तर मला सांगा, माझी दोन पोरं आहेत, टेंपो पण आहे.