कारखाना बंद, मालक हात वर करतो. मग ब्रँडकडे पैसे मागता येतात का?

कोलंबसची_माई
परवा कपाट आवरताना व्हिक्टोरियाज सीक्रेटची जुनी ब्रा हाती लागली, 'मेड इन थायलंड'. (हो, ब्राबद्दलच लिहितेय, पुढे वाचा.) ही कंपनी आमच्या शेजारची, रेनॉल्ड्सबर्ग, ओहायो. लेक म्हणाली, बँकॉकजवळच्या एका कारखान्याने बायकांना पैसे न देताच घरी पाठवलं आणि शेवटी ते या कंपनीने भरले. कारखाना तिचा नाही, पगार ती देत नव्हती. मग कायद्याने भाग पाडलं का?

सुई_दोरा
कायद्याने नाही, माई. मी चौदा वर्षं एका एक्स्पोर्ट हाऊसात मर्चंडायझर होते, म्हणजे ब्रँडशी भाव आणि ऑर्डरी ठरवायचं काम, म्हणून जरा लांबण लावते.

कारखाना ब्रिलियंट अलायन्स, समुत प्राकानचा. मालक हाँगकाँगचा क्लोव्हर ग्रुप. मार्च २०२१ मध्ये टाळं लागलं, सुमारे १,२५० कामगार घरी. थाई कायद्यात कामावरून काढलं की सेवेच्या वर्षांनुसार भरपाई द्यावी लागते : दहा वर्षं झाली असतील तर ३०० दिवसांचा पगार, वीस झाली असतील तर ४००. सगळं मिळून ८३ लाख डॉलर. मालक म्हणाला, पैसे नाहीत.

का नाहीत, ते मला विचारा. आमच्या कॉस्टिंग शीटमध्ये कापड, इलास्टिक, हुक-आयची पट्टी, कप, तार, लेबल, पॉलीबॅग, खोका असे रकाने असायचे आणि मग एकच रकाना शिलाईचा. बायरचा, म्हणजे माल घेणाऱ्या ब्रँडचा, फोन यायचा : पाच सेंट खाली ये, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. इलास्टिकवाला ऐकत नाही, कापडाचा भाव ठरलेला. कर्सर फिरून फिरून शिलाईच्या रकान्यावरच यायचा. मीही आणलाय तो तिथे, खोटं कशाला बोलू. उद्या कारखाना बंद पडला तर बायकांना काय द्यायचं, याचा रकाना मी कुठल्याच शीटमध्ये पाहिला नाही.

त्या बायका मात्र गप्प बसल्या नाहीत. बँकॉकला सरकारी कचेरीसमोर ठिय्या देऊन बसल्या. वर्कर राइट्स कन्सॉर्शियम या अमेरिकन संस्थेने ब्रँडचा पिच्छा पुरवला. मे २०२२ मध्ये पैसे आले. गंमत म्हणजे व्हिक्टोरियाज सीक्रेटने ते थेट बायकांना दिले नाहीत, कारखान्याच्या मालकाला उसने दिले. पैसे सुटले, पण 'आमची जबाबदारी' असं कुठे लिहून द्यावं लागलं नाही. वकील हुशार असतात. लेन ब्रायंट आणि टॉरिड या ब्रँडांचा मालही तिथेच शिवला जायचा. त्यांच्याकडून काही आलं नाही.

बेळगावचा_बंड्या
ताई, थायलंड कशाला, आमच्या कर्नाटकातच बघा. एप्रिल २०२० पासून वाढीव महागाई भत्ता, महिन्याला ४१७ रुपये, गारमेंटवाल्यांनी दिलाच नाही. चार लाखांवर कामगार. सप्टेंबर २०२० मध्ये हायकोर्टाने द्या म्हणून सांगितलं, तरी ढिम्म. परदेशी ब्रँडांची नावं लंडनच्या पेपरात यायला लागली तेव्हा कुठे थकबाकी सुटायला लागली. ४१७ रुपयांसाठी लंडनमधून बोंब मारावी लागते!

कोलंबसची_माई
म्हणजे सगळं अब्रूच्या भीतीवर? अब्रूच नसली तर?

सुई_दोरा
मग करार. तुमची लेक कॉलेजात आहे ना? कॉलेजचं चिन्ह कपड्यावर छापायचं तर कंपनीला कॉलेजशी करार करावा लागतो, आणि बऱ्याच करारांत अट असते की माल शिवणाऱ्यांचे कायदेशीर पैसे थकता कामा नयेत. इंडोनेशियातला पीटी किझोन हा कारखाना २०११ मध्ये बुडाला; तिथे आदिदाससाठी कॉलेजांची चिन्हं असलेले कपडे शिवले जायचे. मालक आधीच पळालेला, कामगार २,७००. आदिदास म्हणत राहिली, आमचा संबंध नाही. कॉर्नेलने करार संपवला, विस्कॉन्सिन कोर्टात गेलं, आणखीही विद्यापीठं पाठ फिरवू लागली. २०१३ मध्ये आदिदासने कामगारांशी तडजोड केली.

दुकानात जाऊन सेल्सगर्लशी भांडू नका, तिला यातलं काही माहीत नसतं. कॉलेजच्या लायसन्सिंग ऑफिसला (चिन्ह वापरायचे करार तेच करतं) मेल करा, दोनच ओळी : करारात ही अट आहे का, आणि कारखान्यांची यादी कुठे मिळेल.

कोलंबसची_माई
लेकीला सांगितलं. तिच्या कॉलेजच्या हूडीच्या मानेवरचं लेबल धुऊन धुऊन पांढरं पडलंय, 'मेड इन' एवढंच वाचता येतं. मेल आज रात्री टाकतेय म्हणाली. उत्तर आलं की इथेच लिहिते.