मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांचे तळ नमुन्यात कसे घ्यावेत?

एका तालुक्यात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या लसीकरणाचं सर्वेक्षण आखतोय. पद्धत नेहमीचीच, ३० समूह आणि प्रत्येकी ७ मुलं. प्रमाण ५० टक्के, चूक-मर्यादा ±१० धरली की साधा यादृच्छिक नमुना ९६ येतो. डिझाइन इफेक्ट (एका समूहातली मुलं एकमेकांसारखी असतात म्हणून नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा) २ धरून १९२, म्हणजे २१० पुरतात. गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडणार.

अडचण गावांच्या यादीची आहे. ती २०११ च्या जनगणनेची, आणि गाळप हंगामात कारखान्याभोवती पडणारे तळ तिच्यात नाहीतच. लस चुकलेली मुलं तिथंच जास्त असणार, म्हणजे तळ वगळले तर आकडा फुगेल. नमुना कितीही वाढवला तरी ही चूक कमी होत नाही.

तळांचा वेगळा स्तर (नमुन्यातला स्वतंत्र गट) करून मुकादमांकडच्या कोयत्यांच्या (कोयता म्हणजे ऊस तोडणारी जोडी, बहुधा नवरा-बायको) संख्येवर निवड करायचा विचार आहे. पण एका कोयत्यामागे मुलं किती, हे तळागणिक बदलतं. मग भारांक (आकडा काढताना प्रत्येक मुलाला द्यायचं वजन) कोयत्यांवरच ठेवावेत, की निवडलेल्या तळावर सगळ्या खोप्या मोजून दुरुस्त करावेत? आणि या स्तराचा आकडा स्वतंत्र द्यायचा तर किमान किती तळ घ्यावेत? टोळी मध्येच हलली तर बदली तळ घ्यायचा, की प्रतिसाद नाही असं नोंदवायचं? माझा कल दुसऱ्याकडे आहे.

प्रत्यक्ष असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.