स्विच 2 : थांबल्याने स्वस्त होईल?

निन्टेन्डो कंपनीचा स्विच 2, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आत्ताच घ्यावा का, या प्रश्नावर "सहा महिने थांबा, भाव आपोआप उतरेल" असं काही जण सांगतात. मला नाही पटत. 2011 मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस या आपल्या हातातल्या गेम यंत्राचे अडीचशे डॉलर काही महिन्यांतच 170 वर आणले, हे खरं. पण तेव्हा ते खपत नव्हतं. स्विच 2 पहिल्या दिवसापासून हातोहात गेलाय. उलट ऑगस्ट 2025 मध्ये कंपनीने अमेरिकेत जुन्या स्विचचेच भाव वाढवले.

खरी अडचण आपल्याकडची आहे. 2025 मध्ये तो आला तेव्हा अमेरिकेत किंमत 449.99 डॉलर होती, म्हणजे तेव्हाचे साधारण 38-39 हजार रुपये, पण भारतात अधिकृत विक्रीच नाही. सांगलीत घ्यायचा तर बाहेरून आणलेला डबा, त्यावर मधल्या माणसाचा नफा, आणि काही बिघडलं तर दाद मागायची कुणाकडे?

वरचा खर्चही धरा. मारिओ कार्ट वर्ल्ड हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुटा घेतला तर 80 डॉलर. गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे नव्या प्रकारचं मेमरी कार्डच लागतं, साधं जुनं मायक्रोएसडी चालत नाही. सांगलीतल्या विश्रामबागेत मी विचारलं तर दुकानदाराने साधंच कार्ड पुढे केलं. घेताना उलटं करून बघा: एक्सप्रेसला मागे पिनांची जादा ओळ असते. बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार 2 ते 6.5 तास, म्हणजे जड गेम लावला तर सांगलीहून पुण्याला निघालेली एसटी साताऱ्याला पोहोचायच्या आतच संपायची.

कुणी नातेवाईक अमेरिकेहून येणार असेल तर मूळ किमतीत जरूर मागवा, पैसे वसूल होतील. 50 हजार मोजून मात्र अजिबात नको. त्या पैशात धाकट्या भावंडांसाठी चांगला वापरलेला जुना स्विच आणि चार-पाच गेम येतात.