एनबीटी चाचणीतील फिका रंग आणि माशांच्या मॅक्रोफेज पेशींची जिवाणूनाशक क्षमता

प्रश्न
कार्प माशाच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागातून वेगळ्या केलेल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींना पीएमए हे पेशी चेतवणारे रसायन दिल्यावर एनबीटी चाचणीत गडद निळा रंग येतो; पेशींनी सोडलेल्या सुपरऑक्साइडमुळे एनबीटी हे रंगद्रव्य निळे होते. त्याच पेशींना जिवंत एरोमोनास (माशांना आजारी पाडणारे) जिवाणू दिले, तर मात्र रंग फिकाच राहतो. या पेशी जिवाणूंपुढे दुबळ्या ठरतात, असे यावरून मानावे का?

उत्तर १
एवढ्यावरून तसे मानू नये. पीएमए पेशीवरील ग्राहींना (बाहेरचे संदेश ओळखणाऱ्या प्रथिनांना) वळसा घालून थेट प्रोटीन कायनेज सी या विकराला चेतवते, त्यामुळे जवळजवळ सर्वच सक्षम पेशी एकदम कामाला लागतात. जिवाणूच्या बाबतीत आधी त्याची ओळख पटावी लागते. त्याच्यावर पूरक प्रथिनांचा (रक्तातील, जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांचा) लेप बसला असेल तर तो सहज गिळला जातो, आणि त्यानंतर पेशीद्रवातील काही प्रथिने पटलावर जाऊन एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर जुळून येते. हे विकर ऑक्सिजनच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप तयार करते. एनबीटीपासून बनणारा निळा पदार्थ, म्हणजे फॉर्मझॅन, मुख्यतः त्याचीच खूण असतो; पुढे बनणारे हायड्रोजन पेरॉक्साइड या चाचणीत दिसत नाही.

उत्तर २
यात जिवाणूचाही वाटा आहे. एरोमोनासकडे सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटलेज ही अनुक्रमे सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड नाहीसे करणारी दोन्ही विकरे असल्याने तो पेशीचा मारा काही अंशी निष्प्रभ करू शकतो. उलट, जिवंत जिवाणू स्वतःही एनबीटीचे क्षपण करतात, म्हणून केवळ जिवाणू आणि एनबीटी असलेला, पेशी नसलेला चाचणी-थाळीतील एक खळगा ठेवल्याशिवाय हे आकडे वाचूच नयेत. फॉर्मेलिनने मारलेले आणि ताज्या रक्तद्रवात भिजवलेले जिवाणू देऊन तुलना केली, तर पेशीची मूळ प्रतिक्रिया अधिक स्वच्छ दिसेल.

उत्तर ३
माझा पहिला संशय पेशींच्या मृत्यूवर आहे. एरोमोनासचे अनेक प्रकार पेशीपटलाला छिद्रे पाडणारी विषे सोडतात. मेलेल्या पेशी सुटून मिथेनॉलच्या धुण्याबरोबर निघून जातात आणि उरलेला फॉर्मझॅन पोटॅशियम हायड्रॉक्साइड व डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवून मोजल्यावर रंग साहजिकच कमी भरतो. त्यामुळे विरघळवण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली चिकटलेल्या पेशी मोजाव्यात आणि त्यांच्यात निळे-काळे कण भरले आहेत का, ते पाहावे. मारक शक्तीचा प्रश्न मात्र या चाचणीने सुटणार नाही. त्यासाठी पेशी फोडून आत जिवंत राहिलेले जिवाणू आगारवर (जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर) वाढवावे लागतील आणि त्यांच्या वसाहती मोजाव्या लागतील.