मदत हवी आहे : घरी जुळवलेले फझ पेडल सकाळी सुरळीत चालते, दुपारी सूर तोडते

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. गेल्या महिन्यात मी गिटारसाठी एक फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारी, पायाने चालू-बंद करायची पेटी) स्वतः जुळवले. आराखडा माझा नाही. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फझ फेस’चे दोन ट्रान्झिस्टरांचे सर्किट मी व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्या असलेल्या सच्छिद्र पाटीवर) उतरवले आहे. ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, एसी १२८ जातीचे आहेत. ओळखीच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या काकांनी मोडीतल्या रेडिओंतून काढून डब्यात जपून ठेवलेले असे सात नग त्यांनी मला आनंदाने दिले.

अडचण अशी आहे की सकाळी सात-आठच्या सुमारास पेडल अगदी हवे तसे वाजते : आवाज भरदार येतो, सूर लांबवर टिकतो आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की खरखर ओसरून स्वच्छ आवाज मिळतो. दुपारी दोननंतर मात्र तेच पेडल हलक्या हाताने छेडलेली तार ऐकूच देत नाही, आणि जोरात छेडलेला सूर विझताना फाटत जाऊन मध्येच तुटतो. माझी खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली आहे. खोलीतल्या तापमापकावर सकाळी २६ अंश आणि दुपारी ३९ अंश दिसतात. त्यामुळे उन्हाचा संशय मला आहेच, परंतु नेमका दोष कोठे आहे हे कळत नाही.

मोजलेली मूल्ये अशी आहेत (पीएनपी ट्रान्झिस्टर असल्याने बॅटरीचे धन टोक ग्राउंडला आहे आणि मीटरवर उणे चिन्ह येते, ते येथे गाळले आहे). बॅटरी दोन्ही वेळी ९ व्होल्टच्या थोडी वरच होती. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (बेस, एमिटर आणि कलेक्टर या तीन पायांपैकी एक) सकाळी ५.६ आणि दुपारी ७.४ व्होल्ट मिळतात. येथे साधारण निम्मे, म्हणजे ४.५ व्होल्ट असावेत असे मी वाचले आहे. पहिल्याच्या कलेक्टरवर सकाळी ०.५ आणि दुपारी ०.३ व्होल्ट आहेत. दोष दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर दिसतो म्हणून मी तो दोनदा बदलला, सगळे सोल्डरचे सांधे पुन्हा तापवले, कॅपॅसिटरांची दिशा तपासली. फरक जवळजवळ शून्य. तंबोऱ्याची जवारी बिघडली तर मिरजेतले कारागीर बसल्या जागी दोष सांगतात, पण पेडल घेऊन कोणाकडे जावे हे येथे मला माहीत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (साताऱ्याहून) :

आपण मोजमापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण उत्तर त्यांतच आहे. दुसरा ट्रान्झिस्टर निर्दोष आहे. आपण बदलायला हवा होता तो पहिला. या सर्किटमध्ये पहिल्याच्या बेसला लागणारा प्रवाह दुसऱ्याच्या एमिटरकडून १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतो आणि तो जेमतेम साडेतीन मायक्रोअँपिअर असतो. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमध्ये कलेक्टर आणि बेस यांच्यात मुळातच थोडी गळती असते व तापमान १० अंशांनी वाढले की ती सुमारे दुप्पट होते. दुपारी ही गळतीच पहिल्या ट्रान्झिस्टरला लागणारा बहुतेक बेसप्रवाह पुरवते. मग १०० किलोओहममधून फारसे काही येण्याची गरज उरत नाही, दुसऱ्याच्या एमिटरवरचा व्होल्टेज खाली येतो, त्याचा प्रवाह घटतो आणि त्याचा कलेक्टर बॅटरीच्या टोकाकडे सरकतो. असा अर्धवट मिटलेला ट्रान्झिस्टर बारीक सिग्नल पुढे जाऊ देत नाही. आपले सूर तुटतात ते यामुळे.

खात्री करायची असल्यास सकाळी पेडल चालू ठेवून पहिला ट्रान्झिस्टर दोन बोटांत धरा आणि दुसऱ्याच्या कलेक्टरवरचे व्होल्ट चढतात का पाहा. (३९ अंशांत हा प्रयोग करू नका, तेव्हा आपली बोटेच त्याला गार करतील.) नंतर सातही नग एकेक करून तपासा : एमिटर बॅटरीच्या धन टोकाला, कलेक्टर २.४ किलोओहममधून ऋण टोकाला, बेस मोकळा. रेझिस्टरवर जितके जास्त व्होल्ट दिसतील तितकी गळती जास्त. मल्टिमीटरच्या एचएफई (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो तो गुणक) मोजणाऱ्या खाचेवर विसंबू नका. ती गळतीचा प्रवाहही गुणकात मिळवून मोठा आकडा दाखवते. नग पायांना धरून लावा आणि मिनिटभर थांबून मगच आकडा लिहा.

सर्वांत कमी गळतीचा नग पहिल्या जागी बसवा. दुसऱ्या जागी थोडा गळका चालतो. तरीही व्होल्ट जास्त राहिले तर दुसऱ्याच्या कलेक्टरकडचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर वाढवा. पहिल्या जागी बीसी ५५७ हा सिलिकॉनचा लावणे हा आणखी एक मार्ग आहे. त्या वेळी मात्र ८.२ ऐवजी सहा किलोओहमच्या आसपास यावे लागेल, कारण सिलिकॉनला बेसवर ०.६ व्होल्ट लागतात. मला स्वतःला तो आवाज थोडा कोरडा वाटतो.

मूळ प्रश्नकर्ता :

मनापासून आभार. बोटांचा प्रयोग केला. अर्ध्या मिनिटात ५.६ वरून ६.३ झाले. पहिल्या जागचा नग बाहेर काढून मोजला तर रेझिस्टरवर सकाळी ०.२२ आणि दुपारी ०.५३ व्होल्ट आले. उरलेल्यांत एकच नग सकाळी ०.०९ दाखवणारा निघाला, आणि गंमत म्हणजे गंज चढलेला म्हणून मी तो बाजूला टाकला होता. तोच पहिल्या जागी लावला व ८.२ च्या ठिकाणी १० किलोओहम घातले. आता दुसऱ्याच्या कलेक्टरवर सकाळी ४.५ आणि दुपारी ५.५ व्होल्ट मिळतात. दुपारचा आवाज किंचित रुक्ष वाटतो, पण सूर तुटत नाही.

एकच शंका उरते. १० किलोओहमच्या जागी २५ किलोओहमचे पोटेन्शिओमीटर (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) डब्याच्या बाहेरून फिरवता येईल असे बसवावे म्हणतो, म्हणजे ऋतूप्रमाणे व्होल्ट जुळवता येतील. त्याच्या तारा साधारण पंधरा सेंटिमीटर लांब होतील. तेवढ्याने घरघर वाढेल का, की तेथे शिल्डची (बाहेरून जाळीचे वेष्टन असलेली) तारच वापरावी?